सोमेलियर व्हायचंय: सोलापुरात राहून पाया कसा पक्का करावा?

चाळीस_अंश
नमस्कार मंडळी. हॉटेल मॅनेजमेंटचं शेवटचं वर्ष, मुक्काम सोलापूर. पुढे सोमेलियर (रेस्टॉरंटात वाइन सुचवणारा आणि वाढणारा जाणकार) म्हणूनच काम करायचं आहे आणि त्याआधी डब्ल्यूएसईटी या वाइन शिक्षणसंस्थेची दुसरी पातळी द्यायची आहे. अडचणी दोन. दर आठवड्याला नवनव्या बाटल्या उघडून चाखणं परवडणारं नाही, आणि इथल्या उन्हाळ्यात वाइन नीट ठेवायची कशी हेच कळत नाही. माझं मत असं की आधी द्राक्षाच्या जाती आणि प्रदेश पाठ करावेत, बाटली उघडणं आणि वाढणं नोकरीत आपोआप येतं. जाणकारांनी सांगावं, हा क्रम बरोबर आहे का?

सात_रस्ता
क्रम उलटा करा, हे माझं ठाम मत. पाहुण्याला पहिल्या घोटात तुमचं पाठांतर कळत नाही, तापमान कळतं.

'रेड वाइन रूम टेंपरेचरला द्यावी' असं कुठे वाचलं असेल तर ते सोलापुरासाठी खोडून टाका. ती खोली युरोपातल्या जुन्या दगडी घरातली, १६ ते १८ अंशांची. आपल्याकडे मे महिन्यात कपाटातली बाटली पस्तिशीच्या वर असते. इतक्या गरम रेडमध्ये अल्कोहोलची वाफ आधी नाकात जाते, फळाचा वास दबतो आणि घोट जळजळीत लागतो. उलट तीच रेड ८-१० अंशांवर दिली तर टॅनिन (तोंड कोरडं करणारा तुरटपणा) कडक आणि कडवट वाटतं.

आकडे डोक्यात बसवा. स्पार्कलिंग (बुडबुड्यांची) ६ ते १०, हलकी व्हाइट आणि रोझे (गुलाबी) ७ ते १०, ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली शार्दने ही व्हाइट १० ते १३, हलकी रेड १३ च्या पुढे, भारदस्त रेड १५ ते १८. स्वयंपाकात वापरतात तो सुईचा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि ग्लासातली वाइन मोजत जा. काही दिवसांनी बाटलीला हात लावून अंदाज येऊ लागतो.

गार करायला नुसता बर्फ भरू नका. खड्यांमध्ये हवा राहते आणि बाटलीला थंडी पोचत नाही. अर्धा बर्फ, अर्धं पाणी, बाटलीच्या मानेपर्यंत. घाई असेल तर मूठभर मीठ टाका, पाणी शून्याच्या खाली उतरतं. आपल्या उन्हाळ्यात व्हाइटला अर्धा तास तरी लागतो, रेडला १०-१५ मिनिटं पुरतात. फ्रीजरमध्ये ठेवून विसरायचं नाही. वाइन गोठताना फुगते, बूच वर येतं, आणि स्पार्कलिंगची बाटली फुटूही शकते.

आणखी एक. हॉलमध्ये तीस अंश असतील तर व्हाइट एका वेळी १५० मिली ओतू नका. ८०-९० मिलीच ओता आणि पुन्हा पुन्हा या. ग्लास अर्धा होण्याआधी वाइन कोमट होत नाही, आणि टेबलाकडे लक्षही राहतं.

गड्डा_मैदान
+१. मिठाची युक्ती मेसमधल्या ताकालाही चालते.

नवी_पेठ
सात_रस्ता यांच्या तापमानाशी सहमत, क्रमाशी नाही. प्रदेश माहीत नसतील तर युरोपची अर्धी वाइन लिस्ट वाचताच येत नाही, कारण तिथे लेबलावर बहुतेक वेळा गावाचं नाव असतं, द्राक्षाचं नसतं. शाब्ली म्हणजे शार्दने. सान्सेर व्हाइट म्हणजे सोव्हिन्याँ ब्लाँ. कियांती म्हणजे मुख्यतः सांजोव्हेझे, बारोलो म्हणजे नेब्बियोलो, रिओहाची रेड म्हणजे मुख्यतः टेम्प्रानियो, बोजोले म्हणजे गामे. बोर्दोत नदीच्या डाव्या काठावर कॅबर्ने सोव्हिन्याँचा जोर, उजव्या काठावर मर्लोचा. एवढं येत असलं की 'बारोलोसारखं काही आहे का?' या प्रश्नाला तुम्ही भरपूर टॅनिन, भरपूर आंबटपणा, फिका रंग अशी दुसरी बाटली सुचवू शकता.

मात्र पाठांतराला कारणाची जोड हवी. थंड हवेत द्राक्ष हळू पिकतं, आंबटपणा टिकतो, साखर कमी राहते. म्हणून शाब्लीत हिरवं सफरचंद आणि लिंबू. त्याच शार्दनेला गरम प्रदेशात नेलं की पीच आणि अननस येतो, अल्कोहोल चढतं, आंबटपणा उतरतो. हे कारण एकदा समजलं की नवीन प्रदेशाचं नाव ऐकल्यावर अक्षांश, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि समुद्राचं अंतर विचारायचं. निम्मं उत्तर तिथेच मिळतं. जगातल्या बहुतेक वाइनचा पट्टा ३० ते ५० अक्षांशांत येतो. बोर्दो साधारण ४५ वर, सोलापूर १७.७ वर. मग इथे चांगली वाइन कशी होते, हा प्रश्न ज्याला पडतो त्याचा अभ्यास सुरू झाला.

माळशिरसची_वेल
नवी_पेठ यांनी बरोब्बर जागी आणून सोडलं की. या प्रश्नाचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेल्लीचे मळे आहेत. मूळ इटलीची सांजोव्हेझे तिथे पिकते आणि त्यांची 'सेट्टे' ही वाइन सांजोव्हेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्याँ यांची आहे.

धागाकर्ते, तुम्ही सोलापूरचे म्हणजे तुमच्या ओळखीत एखादा तरी द्राक्ष बागायतदार असणारच. सोनाका आणि शरद सीडलेस या जाती नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी पुढे आणल्या. खायच्या द्राक्षांच्या अशा मळ्यात एक दिवस उभे राहा आणि वाइनच्या द्राक्षाशी तुलना करा. खायच्या द्राक्षाला जीए (जिबरेलिक आम्ल, वाढीचं संप्रेरक) देऊन मणी फुगवतात, साल पातळ हवी, बी नको, आणि गोडी १६-१८ ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) आली की काढणी सुरू. वाइनच्या द्राक्षाचा मणी छोटा, साल जाड, आत बी. रंग, टॅनिन आणि सुगंधाचा मोठा भाग सालीत असतो. मणी जितका छोटा तितकी रसाच्या मानाने साल जास्त. म्हणून जीए देऊन फुगवलेल्या मण्याची रेड पाणचट होते. काढणी साधारण २२ ते २४ ब्रिक्सला. ब्रिक्सला ०.५५ ने गुणलं की अल्कोहोलचा अंदाज येतो: २२ ला १२ टक्क्यांच्या आसपास, २४ ला १३ च्या पुढे.

युरोपात हिवाळ्यात वेल झोपते. इथे झोपत नाही, म्हणून आपण एप्रिलमध्ये खरडछाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करतो. दोन छाटण्या, पीक एक. घड थंडीत पिकतो आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोड होते. रात्री गार असल्या की घडातलं मॅलिक अ‍ॅसिड टिकतं. उष्णता लवकर वाढली तर साखर चढते आणि आंबटपणा ढासळतो. मग काढणी पहाटे करावी लागते आणि वायनरीत टार्टारिक अ‍ॅसिड घालून तोल सांभाळावा लागतो.

लेबलावरचं वर्ष यावरून वाचा. भारतीय वाइनवर २०२३ असेल तर द्राक्ष त्या वर्षाच्या सुरुवातीला तोडलेलं. फ्रेंच बाटलीवर २०२३ असेल तर शरद ऋतूत तोडलेलं. दोन्हींत अर्ध्या वर्षाचा फरक आहे. ताजी प्यायची सोव्हिन्याँ ब्लाँ निवडताना हे ध्यानात ठेवा.

पार्क_चौक
वेल ताई/दादा, रूटस्टॉकबद्दल, म्हणजे कलमाच्या खालच्या मुळाबद्दलही सांगा ना. फिलॉक्सेराचा प्रश्न परीक्षेत येतो.

माळशिरसची_वेल
फिलॉक्सेरा हा मुळांवर जगणारा मावावर्गीय बारीक कीटक. १८६० च्या दशकात तो अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोचला आणि युरोपचे मळे उद्ध्वस्त झाले. अमेरिकन वेलींची मुळं त्याला तोंड देतात, म्हणून आजही बहुतेक ठिकाणी खाली अमेरिकन मूळ आणि वर युरोपीय डोळा असं कलम असतं. आपले शेतकरी लावतात तो डॉगरिजही अमेरिकन वंशाचाच. इथे मात्र त्याचा उपयोग क्षारयुक्त पाणी आणि दुष्काळ सोसण्यासाठी. एवढं लिहिलंत तर उत्तर पुरेसं होईल.

हौशी_नाक
बाटल्या परवडत नाहीत या मुद्द्यावर कुणीच बोललं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. वाइनची रचना म्हणजे आंबटपणा, टॅनिन, गोडी, अल्कोहोल आणि घोटाचा भरदारपणा. यातल्या पहिल्या तीन घरच्या स्वयंपाकघरात, थेंबभर दारूशिवाय शिकता येतात.

आंबटपणा: तीन ग्लासांत प्रत्येकी २०० मिली पाणी घ्या आणि अनुक्रमे ५, १० आणि १५ मिली लिंबाचा रस घाला. घोट घ्या, थुंका, मान थोडी खाली करा आणि जिभेच्या बाजूंनी लाळ किती सुटते ते पाहा. आंबटपणाचं माप लाळ आहे, तोंड वाकडं होणं नाही. आता १५ मिलीच्या ग्लासात एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम साखर विरघळवा. लिटरला साधारण २३ ग्रॅम झाली. आंबट कमी लागेल, लाळ मात्र तेवढीच सुटेल. साखर आंबटपणा झाकते, घालवत नाही. गोडसर रीसलिंग ओळखताना विद्यार्थी नेमके इथे फसतात.

टॅनिन: बिनदुधाचा, बिनसाखरेचा काळा चहा. एक टी-बॅग २०० मिली पाण्यात २ मिनिटं, दुसरी ५, तिसरी १०. गार होऊ द्या आणि चाखा. लक्ष हिरड्यांवर ठेवा, कोरडेपणा तिथे जाणवतो. जिभेच्या मागे जाणवतो तो कडूपणा, ती वेगळी गोष्ट. दोन्ही वेगळे ओळखता येईपर्यंत हा प्रयोग सोडू नका.

नाकाचं शिक्षण मंडईत होतं. झाकणाच्या छोट्या डब्या घ्या, तळाला नाव चिकटवा. पेरू आणि पॅशन फ्रूट: सोव्हिन्याँ ब्लाँ. ढोबळी मिरची: नीट न पिकलेल्या कॅबर्नेतलं पायराझिन हा वासाचा रेणू. काळी मिरी: शिराझमधलं रोटंडोन, मिरीतही तोच रेणू. लिची आणि गुलाब: गेवुर्झट्रामिनर. लवंग, व्हॅनिला: ओकचं पिंप. सुकं खोबरं: विशेषतः अमेरिकन ओक. लोणी: मॅलोलॅक्टिक आंबवणीत (तीत कडक मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल होतं) तयार होणारं डायअसेटिल. लाल फळांसाठी पुस्तकात क्रॅनबेरी लिहिलेली असते, ती इथे मिळाली नाही तर आपलं डाळिंब घ्या, आंबटगोड लाल फळाची कल्पना येते. डोळे मिटून एका बैठकीत तीनच डब्या. नाक थकलं की स्वतःच्या कोपराच्या वळणाचा वास घ्या, पूर्ववत होतं. ढोबळी मिरचीची डबी शेवटी उघडा, तिचा वास इतरांना झाकतो.

चाळीस_अंश
हौशी_नाक, हे सोनं आहे! मंडईतूनच सुरुवात करतो. आणि जेवणाबरोबर जोडी लावण्याचं काय? सगळी उदाहरणं स्टेक आणि चीजची. शेंगाचटणी, काळ्या मसाल्याचं मटण, कडक भाकरी यांच्याबरोबर काय द्यायचं?

शेंगाचटणी_रोज
वाटच बघत होते या प्रश्नाची! शेंगाचटणीत चार गोष्टी आहेत: तेल, मीठ, लसूण, लाल तिखट. मीठ वाइनला मऊ करतं, ते आपल्या बाजूने. तेल कापायला आंबटपणा हवा. तिखट मात्र अल्कोहोल आणि टॅनिन दोघांनाही वाईट वळण लावतं. अल्कोहोलने जळजळ वाढते, टॅनिन कडू होतं. म्हणून १४ टक्क्यांची कॅबर्ने बाद. किंचित गोडसर शेनँ ब्लाँ ही व्हाइट घ्या, ११-१२ टक्क्यांची, ८ अंशांवर. मला विचाराल तर ब्रूट (फारशी गोड नसलेली) स्पार्कलिंगही छान जाते.

पार्क_चौक
स्पार्कलिंगबद्दल असहमत. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे स्वतःच जिभेला टोचतात, तिखटाबरोबर ती टोचणी वाढते. शिवाय ब्रूटमध्ये साखर लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे तिखटावर मलम लावायला तिच्यात काही नाही. ब्रूट भज्यांबरोबर द्या, तळलेलं आणि खारट, तिथे ती चमकते. सोलापुरी शेंगाचटणीबरोबर स्पार्कलिंगच हवी असेल तर डेमी-सेक, म्हणजे गोडसर, लिटरला ३२ ते ५० ग्रॅमची.

शेंगाचटणी_रोज
डेमी-सेकचा मुद्दा पटला. पाहुण्याला तिखट किती चालतं हे आधी विचारावं, एवढी भर घालते.

मटणाचं सांगायचं तर प्रथिनं आणि चरबी टॅनिनला मऊ करतात, म्हणून स्टेकबरोबर कॅबर्ने चालते. आपल्या रश्शात सुकं खोबरं, खडा मसाला आणि भरपूर तिखट. तिथे कमी टॅनिनची, फळाळ शिराझ १५ अंशांपर्यंत गार करून. मिरीचा वास मसाल्याला जुळतो. कडक भाकरी चवीला शांत, ती सगळ्यांना सांभाळून घेते. गव्हाची हुग्गी किंवा शेंगापोळी असेल तर एकच नियम: वाइन पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर ती आंबट आणि पोकळ लागते. लेट हार्वेस्ट (उशिरा तोडलेल्या गोड द्राक्षांची) शेनँ ब्लाँ तिथे.

बाळीवेस_१३
या धाग्याने भूक लागली.

पार्क_चौक
आता दोषांकडे. बूच काढल्यावर यजमानाला थोडीशी चाखायला देतात ती आवडली का हे विचारायला नाही, दोष आहे का हे तपासायला. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास आणि फळ गायब: टीसीए, म्हणजे बुचाचा दोष. हवा लागून ही बाटली सुधारत नाही, ती बदलायची. रंग तपकिरी, जुन्या सफरचंदाचा वास: ऑक्सिडेशन. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश: व्होलाटाइल अ‍ॅसिडिटी. सडक्या अंड्याचा किंवा काडीपेटीचा वास: रिडक्शन, हा बऱ्याचदा ग्लास फिरवल्यावर किंवा डिकँट केल्यावर (दुसऱ्या भांड्यात ओतल्यावर) उडून जातो. बुचाला किंवा तळाला चिकटलेले काचेसारखे खडे टार्टरेटचे (द्राक्षातल्याच आम्लाचे), त्यात दोष काहीच नाही. पाहुण्याला काच वाटते, म्हणून आधीच समजावून सांगा.

सोलापूरसाठी सगळ्यात महत्त्वाचा दोष उष्णतेचा. उन्हात उभ्या ट्रकमध्ये बाटली तापली की वाइन प्रसरण पावून बूच वर ढकलते, कडेने गळते. बूच तोंडाच्या पातळीपेक्षा वर आलेलं दिसलं किंवा फॉइलखाली चिकट डाग असला तर माल घेतानाच बाजूला काढा. चवीत ताजं फळ जाऊन शिजवलेल्या जॅमसारखं लागतं. साठवण १२ ते १५ अंशांवर, अंधारात, बुचाची असेल तर आडवी. वाइन कपाट नसेल तर घरच्या फ्रीजचे ४ अंश चालतील, ३८ अंशांचं लोखंडी कपाट नको. लाइट जाणाऱ्या भागात फ्रीजचं दार बंद ठेवा, चढउतार वाइनला सतत गरम राहण्याइतकाच मारक.

सात_रस्ता
बाटली उघडण्याचंही सांगून टाकतो. वेटर्स फ्रेंड नावाचा घडीचा बूच-स्क्रू, दोन पायऱ्यांचा, घ्या. फॉइल बाटलीच्या तोंडाच्या खालच्या कडेखाली कापा, वरच्या कडेवर कापली तर वाइन ओतताना धातूला लागते. स्क्रूचं टोक बुचाच्या बरोब्बर मध्यावर टेकवा, सरळ करा, फिरवा आणि एक वेढा बाहेर ठेवा. पूर्ण आत घातला तर बूच आरपार भोसकून तुकडे वाइनमध्ये पडतात. टोक बाजूला गेलं की बूच अर्ध्यात मोडतं. मोडलंच तर उरलेल्या तुकड्यात स्क्रू तिरका घालून हळू वर घ्या. शेवटचा भाग हाताने काढा, आवाज होऊ द्यायचा नाही.

स्पार्कलिंगमध्ये दाब सुमारे ६ बार, म्हणजे गाडीच्या टायरच्या जवळजवळ तिप्पट. तारेची जाळी सहा अर्ध्या वेढ्यांत सुटते, आणि सुटल्यापासून अंगठा बुचावरून हलवायचा नाही. बाटली ४५ अंशांत तिरकी, तोंड माणसांपासून दूर, बूच घट्ट धरून बाटली फिरवा. कोमट बाटली फसफसून निम्मी सांडते, म्हणून आधी गार. यजमानाने मान्य केल्यावर बाकीच्यांना वाढा, त्याचा ग्लास सगळ्यात शेवटी.

चाळीस_अंश
माझा मूळ क्रम चुकीचा होता असं आता वाटतंय, पण नवी_पेठ म्हणतात तेही टाळता येणार नाही. दुसऱ्या पातळीच्या परीक्षेत चाखायचं किती असतं? आणि बाटल्या घ्यायच्याच तर पहिल्या कोणत्या?

नवी_पेठ
दुसऱ्या पातळीला ५० बहुपर्यायी प्रश्न, एक तास, उत्तीर्ण व्हायला ५५ टक्के. चाखण्याची परीक्षा तिसऱ्या पातळीपासून, तिथे दोन वाइन लिहून वर्णन करायच्या. कायद्याने ठरलेलं वय पूर्ण नसलेल्यांनाही पहिल्या-दुसऱ्या पातळीला बसता येतं, वर्गात चाखायला मात्र मिळत नाही. तुमचं ध्येय रेस्टॉरंटमधलं काम असेल तर पुढे कोर्ट ऑफ मास्टर सोमेलियर्स या सोमेलियरांच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडेही बघा. त्यांच्या सर्टिफाइड परीक्षेत लेखी, चाखणं आणि प्रत्यक्ष सेवा असे तीन भाग असतात. सात_रस्ता यांनी लिहिलेलं तिथे गुण मिळवून देतं. क्रमाबाबत मीही थोडा सरकतो: सकाळी नकाशा, संध्याकाळी हातकाम, रोज दोन्ही.

हौशी_नाक
पहिल्या तीन भारतीयच घ्या: ओक नसलेली शेनँ ब्लाँ, सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शिराझ. दोन व्हाइट शेजारी ठेवल्या की सुगंधाचा फरक कळतो, शिराझने टॅनिन. चौथी जमली तर सांजोव्हेझे, आंबटपणा आणि टॅनिन एकत्र कसे वागतात ते दिसतं.

एका ७५० मिलीच्या बाटलीतून ५० मिलीचे पंधरा घोटे होतात, म्हणजे पाच जणांच्या गटाला तीन बैठका. पहिल्यांदा उघडल्या उघडल्या लगेच स्वच्छ, बिनवासाच्या १८० मिलीच्या काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरा, झाकण घट्ट करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. हवा जवळजवळ उरत नाही, आठवडाभर अभ्यासाला पुरते. अर्धवट भरलेली मूळ बाटली मात्र ३ ते ५ दिवसांत ढिली पडते. ग्लास सगळ्यांचे सारखे हवेत. २१५ मिलीचा आयएसओ चाखणीचा ग्लास स्वस्तात येतो.

आकाशवाणी_केंद्राजवळ
ग्लास धुण्याबद्दल: इथल्या बोअरच्या जड पाण्याने काचेवर पांढरे ठिपके राहतात. शेवटचं खंगाळणं आरओच्या गरम पाण्यात, आणि वाफ असतानाच मायक्रोफायबरने पुसा. साबणाचा अंश राहिला तर स्पार्कलिंगचे बुडबुडे मरतात. लाकडी कपाटात ग्लास पालथे ठेवू नका, आत कोंडलेला वास वाइनला लागतो.

चाळीस_अंश
नोंदवून घेतलं. शेनँ ब्लाँ आणि शिराझ या आठवड्यात आणतो, वर्गातले चौघे तयार आहेत. थर्मामीटर कुठे बुडवायचा, बाटलीत की ग्लासात?

सात_रस्ता
ग्लासात. ओतल्या ओतल्या एकदा आणि दहा मिनिटांनी पुन्हा मोजा, दोन्ही आकडे वहीत लिहा. व्हाइट या वेळात किती अंश चढली त्यावरून बादलीतून किती गार काढायची ते ठरवता येईल.